पहिलीचा वर्ग न पाहिलेली मुले

करोना महामारीमुळे मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम येऊन बसले, तेव्हा त्याची दुसरीही निम्मी सरली होती. मधल्या वीस महिन्यांत जे घडले त्याला सरकारी कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत ‘ऑनलाइन शिक्षण’ असे एकच नाव मिळाले. मात्र रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपुरते पाहिले, तरी त्या एका नावाखाली परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या कितीतरी गोष्टी नांदत होत्या असे दिसते. पेण शहरातील सदनिकेत लॅपटॉपपुढे बसून गणिताचा तास ऐकणारी दहावीची विद्यार्थिनी ऑनलाइन शिकत होती, आणि डोंगरावरच्या वाडीत शेजारच्या तरुणाच्या फोनवर चार दिवसांपूर्वी आलेल्या गृहपाठाचा फोटो पाहणारा चौथीतला मुलगाही नोंदवहीपुरता ऑनलाइनच शिकत होता. युनेस्कोच्या अंदाजानुसार एप्रिल २०२० मध्ये जगभरातील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांना टाळे लागले होते; त्या प्रचंड आकड्याचा अर्थ कळण्यासाठी एखाद-दुसरा तालुका जवळून पाहणे अधिक उपयोगी ठरते.

पेण आणि रोहा यांची निवड त्या दृष्टीने सोयीची आहे, कारण दोन्ही तालुक्यांत अगदी थोड्या अंतरावर तीन वेगवेगळी जगे एकमेकांना लागून आहेत. मुंबई–गोवा महामार्ग आणि रेल्वे यांच्या आधाराने वाढलेली पेण, नागोठणे, रोहा, कोलाड ही गावे; त्यांच्या जोडीला डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि रोह्याजवळची धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत यांच्यामुळे स्थिरावलेला पगारदार वर्ग, हे पहिले जग. पेणच्या पश्चिमेला खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेल्या जमिनींचा खारेपाट, जिथे प्रामुख्याने आगरी समाजाची भातशेती आणि मासेमारीवर जगणारी गावे आहेत आणि जिथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठीही वणवण होते, ते दुसरे. पूर्वेला सह्याद्रीच्या फाट्यांवर आणि रोह्याच्या डोंगराळ भागात पसरलेल्या कातकरी, ठाकर आणि धनगर वाड्या, हे तिसरे. यांपैकी कातकरी ही महाराष्ट्रात आदिम जमात म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी एक असून बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड होत. या तिन्ही जगांतील मुले एकाच शाळेत जात नव्हती हे खरे. तरीही शाळा नावाच्या संस्थेने प्रत्येकाला दिवसाचे पाच-सहा तास छप्पर, फळा, शिक्षक, दुपारचे जेवण आणि बरोबरीची मुले एवढे सारखेपण दिले होते. शाळा बंद होऊन वर्ग घरात आला, तेव्हा ज्याचे जसे घर तसा त्याचा वर्ग झाला. महामारीतील शिक्षणाच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीपाशी येऊन मिळतात. फोन नसणे ही त्यांतली सर्वांत ठळक दिसणारी, म्हणूनच सर्वाधिक चर्चा झालेली, पण एकमेव नव्हे अशी अडचण होती.

रायगडमध्ये या संकटाला आरंभीच दुसऱ्या संकटाची जोड मिळाली. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले, ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. शैक्षणिक वर्ष कागदोपत्री सुरू झाले ते १५ जूनला, म्हणजे वादळानंतर बाराव्या दिवशी. ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ या अर्थाच्या घोषणा मुंबई-पुण्यातून प्रसृत होत होत्या त्या वेळी जिल्ह्यातील अनेक पालक छपरावर ताडपत्री बांधण्यात गुंतले होते. खुद्द काही शाळांची छपरे गेली होती, आणि त्याआधीच्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबईहून गावी परतलेल्या माणसांच्या विलगीकरणासाठी कोकणभर जिल्हा परिषदेच्याच शाळा वापरल्या गेल्या होत्या. त्यानंतर चार महिने कोकणचा पाऊस असतो. ढग दाटले की डोंगराच्या कुशीतल्या वाडीची आधीच क्षीण असलेली रेंज जाते, वीज गेली की मनोऱ्याची बॅटरी काही तासांत संपते, आणि फोन चार्ज करण्यासाठीही खालच्या गावात उतरावे लागते. ऑनलाइन शिक्षणाची योजना आखणाऱ्यांनी वीज आणि जाळे गृहीत धरले होते. पेण-रोह्यात त्या वर्षी नेमक्या त्याच दोन गोष्टींचा भरवसा उरला नव्हता.

सरकारी यंत्रणा स्वस्थ बसली होती असे मात्र म्हणता येणार नाही. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० मध्येच ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ नावाची दैनिक अभ्यासमाला सुरू केली होती, ज्यात रोजच्या अभ्यासाचे दुवे व्हॉट्सअॅपद्वारे अधिकाऱ्यांकडून केंद्रप्रमुखांकडे, त्यांच्याकडून शिक्षकांकडे आणि तिथून पालकांकडे उतरत जात. हे दुवे ‘दीक्षा’ या केंद्र सरकारने २०१७ मध्ये आणलेल्या अॅपवरील चित्रफिती आणि सरावप्रश्नांकडे नेत असत. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याने वाचता येणारी चौकोनी खूण, आधीपासून छापलेली असल्याने पुस्तकातून थेट चित्रफितीवर जाण्याची सोय महाराष्ट्रात तयारच होती. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या प्रयोगाबद्दल सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तोही याच काळात. जुलै २०२० मध्ये राज्याने अभ्यासक्रमात पंचवीस टक्के कपात केली, नोव्हेंबरपासून ‘स्वाध्याय’ नावाची व्हॉट्सअॅपवरील साप्ताहिक चाचणी आणली. कमतरता साहित्याची नव्हती. साहित्य मुलापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर ती होती, आणि पोहोचल्यावर त्याचे काय होते याकडे पाहणाऱ्या डोळ्यांची तर त्याहून अधिक होती.

दूरस्थ अध्यापनाचे शास्त्रात दोन प्रकार मानले जातात. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी पडद्यावर समोरासमोर असतात तो समकालिक प्रकार, आणि शिक्षकाने आधी पाठवलेला मजकूर किंवा चित्रफीत विद्यार्थी आपल्या सवडीने पाहतो तो असमकालिक प्रकार. केंद्र सरकारने १४ जुलै २०२० रोजी ‘प्रज्ञाता’ या नावाने जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी रोज ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे असावीत असे सुचवले होते. या सूचनांचा रोख समकालिक तासांवर होता, आणि मुलांच्या डोळ्यांवर व मनावर पडणारा ताण आटोक्यात ठेवणे हा त्यांचा हेतू होता. पेण आणि रोहा शहरांतील खाजगी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांना या मर्यादेचा विचार करावा लागला, कारण तिथे मुले खरोखर पडद्यापुढे तासन्‌तास बसत होती. वाडीवरच्या शाळेच्या दृष्टीने मात्र हा नियम जवळजवळ निरर्थक होता. तिथे पडदाच दिवसातून तासभर, तोही रात्री, घरी येत असे.

याचे गणित साधे आहे. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशव्यापी ग्रामीण शिक्षण-पाहणीनुसार ज्यांच्या घरात स्मार्टफोन आहे अशा शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले होते. वाढ मोठी होती, परंतु ‘घरात फोन आहे’ आणि ‘मुलाच्या हातात फोन आहे’ यांत बरेच अंतर असते. ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत घरी स्मार्टफोन असूनही तो वापरायला न मिळणारी मुले सव्वीस टक्क्यांच्या आसपास निघाली. धाटावच्या कंपनीत पाळीवर जाणारा, डंपर चालवणारा किंवा खाणीवर काम करणारा बाप फोन घरी ठेवून जाऊ शकत नाही, कारण त्याच फोनवर त्याला कामाचा निरोप येतो. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा तिसरीतली, सहावीतली आणि नववीतला असे तिघे त्याची वाट पाहत असतात, आणि बहुतेक घरांत पहिला मान नववीतल्या मुलाला मिळतो, कारण त्याची दहावी जवळ आलेली असते. रोज दीड जीबी डेटा देणारा २८ दिवसांचा रिचार्ज त्या काळी दोनशे ते अडीचशे रुपयांना पडत असे आणि तासाभराच्या व्हिडिओ-वर्गाला अर्धा ते एक जीबी किंवा त्याहूनही जास्त डेटा लागत असे. त्यामुळे दोन भावंडांचे दोन-दोन तास झाले की त्या दिवसाचे नेट संपलेले असे. टाळेबंदीत मजुरी बुडालेल्या घराने महिन्याचा रिचार्ज भरला नाही, तर शिक्षणाच्या आकडेवारीत ते घर ‘स्मार्टफोनधारक’च राहते.

म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांपुरता ऑनलाइन वर्ग म्हणजे व्यवहारात व्हॉट्सअॅपचा गट होता. सकाळी शिक्षक पुस्तकाच्या पानाचा फोटो आणि खाली दोन ओळींची सूचना टाकत, त्यावर पालकांचे शुभ सकाळचे फुलांचे संदेश आणि करोनावरील घरगुती उपायांची चित्रे येऊन साचत, आणि रात्री फोन हाती आलेल्या मुलाला त्या ढिगातून आपला अभ्यास उपसून काढावा लागे. उत्तर उलट दिशेने जाई ते वहीच्या फोटोच्या रूपाने. बल्बच्या पिवळ्या उजेडात, फोन धरणाऱ्या हाताचीच सावली पानावर पडलेली, व्हॉट्सअॅपने आकार लहान करताना अक्षरांच्या कडा पुसट झालेल्या, असा तो फोटो शिक्षक बोटांनी मोठा करून वाचत, त्यावरच लाल रेघ ओढून परत पाठवत. वीस-पंचवीस मुलांचे दोन-दोन विषय तपासून होईपर्यंत फोनची साठवण भरून जाई आणि जुने फोटो पुसल्याखेरीज नवे उतरत नसत. एवढे करूनही शिक्षकाला जे हवे असते ते त्या फोटोत नसे. मूल ‘ळ’ कुठून काढायला सुरुवात करते, बेरीज करताना हातचा विसरते की बोटे मोजताना चुकते, शब्द वाचून लिहिते की चित्रासारखा उतरवते, हे सारे लिहिण्याच्या क्रियेत दिसते, लिहून झालेल्या पानात दिसत नाही. आणि पानावरचे अक्षर मुलाचे आहे की घाईत असलेल्या मोठ्या बहिणीचे, याचीही खात्री देता येत नसे.

लहान इयत्तांचे नुकसान सर्वाधिक झाले ते येथे. दहावीच्या मुलाला वाचता येते, त्यामुळे त्याला पुस्तक, चित्रफीत किंवा ओळखीच्या दादाची वही यांपैकी काहीही मिळाले तरी तो त्यातून मार्ग काढू शकतो. पहिलीतल्या मुलाला वाचायलाच शिकायचे असते, आणि वाचन ही गोष्ट मूल माणसाच्या सहवासात शिकते: शिक्षक बोट ठेवतो, मूल ओठांकडे पाहते, शेजारचा अडखळला की हसते आणि स्वतः अडखळले की शेजारच्याकडे पाहते. पेण-रोह्याच्या वाड्यांवर याला भाषेचा आणखी एक पदर आहे. कातकरी मूल घरात कातकरी बोलते, खारेपाटातले मूल आगरी बोलते, आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी त्या दोघांच्याही कानाला कमी-अधिक परकी असते. वर्गात अनुभवी शिक्षक हा पूल रोज नकळत बांधत असतात. एखाद्या शब्दावर चेहरे कोरे दिसले की ते घरचा शब्द वापरतात, वस्तू हातात घेऊन दाखवतात, पुढे बसलेल्या मोठ्या मुलीला तिच्या बोलीत सांगायला लावतात. पुण्यात चित्रित झालेल्या चित्रफितीला कोरे चेहरे दिसत नाहीत. निरक्षर किंवा जेमतेम साक्षर आई-वडिलांनी घरी अभ्यास घ्यावा ही अपेक्षा तर शहरी मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढे ठेवूनच केलेली होती, आणि ती पूर्ण न झाल्याचा ठपका पुढे पालकांच्या ‘अनास्थे’वर ठेवला गेला, हे अन्यायाचे होते.

इंटरनेट नसलेल्या घरांसाठी दूरदर्शनचा मार्ग वापरला गेला, आणि तो योग्यच होता. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर दाखवली जाऊ लागली. प्रत्येक इयत्तेला अर्ध्या तासाचा भाग होता आणि पाठ सांगण्यापेक्षा घर-परिसरातील वस्तू व प्रसंग वापरून मुलांना करायला लावण्यावर तिचा भर होता. खारेपाटातील आणि महामार्गालगतच्या गावांत, जिथे घरोघर टीव्ही होते, तिथे तिचा उपयोग झाला. डोंगरवाड्यांत टीव्ही कमी, वीज बेभरवशाची आणि सकाळची वेळ कामाची. अशा उपायाला शतकापूर्वीचा नसला तरी बराच जुना दाखला आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ आल्याने शाळा उघडणे लांबले, तेव्हा तेथील शिक्षण खात्याने स्थानिक रेडिओ केंद्रांवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ प्रसारित केले, वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापले आणि शंकांसाठी दूरध्वनीवर शिक्षक बसवले. ते पाठ तिसरी ते आठवीसाठी होते. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी रेडिओ-शाळा नव्हतीच, आणि शाळा तीन आठवड्यांत पुन्हा उघडल्या. दूरून शिकवण्याचे माध्यम बदलत गेले तरी त्याची ही खालची मर्यादा तेव्हा शिकागोत जिथे होती, बरीचशी तिथेच २०२० मध्येही राहिली.

या मर्यादेवरचा इलाज पेण-रोह्यात तंत्रज्ञानाने दिला नाही, चालत येणाऱ्या माणसाने दिला. आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांमधून घरी परतलेल्या मुलांसाठी ‘अनलॉक लर्निंग’ हा कार्यक्रम आखला, ज्यात शिक्षकांनी पाड्यांवर व वाड्यांवर जाऊन छापील साहित्य द्यायचे आणि छोट्या गटांत शिकवायचे होते. रायगड जिल्ह्यातील आश्रमशाळांचा कारभार पाहणारे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेणलाच आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांनी आदेशाची वाट न पाहता देवळाच्या मंडपात, घराच्या ओटीवर, झाडाखाली चार-सहा मुले अंतराने बसवून अभ्यास घेतला. शालेय पोषण आहाराचे तांदूळ-डाळ शिजवून देण्याऐवजी कोरडे वाटायचे ठरले होते, त्या वाटपाच्या निमित्तानेही शिक्षक आणि मूल समोरासमोर येत. आठवडाभराच्या व्हॉट्सअॅपने कळले नसते ते त्या दहा मिनिटांत कळे. राज्यात इतरत्रही माणसांनी असेच मार्ग काढले. पालघर जिल्ह्यातील मोखाडा-जव्हार भागात ‘बोलकी शाळा’ म्हणून ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. अडचण अशी होती की याच शिक्षकांना करोनाच्या सर्वेक्षणाला, तपासणी नाक्यांवर, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ताप मोजायलाही जावे लागत होते, आणि एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाणारा माणूस स्वतःच संसर्ग नेईल ही गावकऱ्यांची भीतीही खोटी नव्हती.

घर हाच वर्ग झाला की घरातले काम वर्गात शिरते. जून-जुलैत भाताची लावणी असते, आणि शाळा सुरू असती तर दुपारपर्यंत मोकळे न सापडणारे हात त्या वर्षी पहाटेपासून शेतात होते. पेण शहर आणि हमरापूर, जोहे, दादर या परिसरात याच महिन्यांत गणपतीच्या कारखान्यांची घाई असते. २०२० मध्ये राज्याने सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची अशी मर्यादा जुलैत घातली, तोवर मोठ्या मूर्ती तयार होऊन पडल्या होत्या, मागणी घटली होती आणि बाहेरचे कारागीर परतले नव्हते, त्यामुळे घरच्या मुलांनी साचे भरण्यापासून रंगकामापर्यंत हात लावला तो हौसेने कमी आणि गरजेने अधिक. हे सारे शिक्षणाचे शत्रू म्हणूनच नोंदले गेले. वास्तविक मापे, प्रमाण, रंगांची मिश्रणे, हिशेब यांनी भरलेले ते काम अभ्यासक्रमाशी जोडता आले असते. कामातून शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या विनोबा भाव्यांचे जन्मगाव गागोदे याच पेण तालुक्यात आहे. पण पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवण्यात गुंतलेल्या व्यवस्थेला मुलाच्या हाताशी काय आहे हे विचारायला सवड नव्हती. आयटीआयच्या विद्यार्थ्यांची स्थिती याच्या नेमकी उलट होती. ज्यांचे शिक्षणच हातांनी होते त्या फिटर-वेल्डरांना कार्यशाळा बंद असताना चित्रफिती पाहाव्या लागल्या.

वरच्या इयत्तांत प्रश्न शिकण्याइतकाच मोजण्याचा झाला. मार्च २०२० मधील दहावीचा शेवटचा भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले; २०२१ ची दहावीची परीक्षाच झाली नाही, नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिक वगैरेंना २० असे सूत्र वापरून १६ जुलै २०२१ रोजी निकाल लागला तो ९९.९५ टक्के, आणि त्या दिवशी निकालाची संकेतस्थळेच कोलमडली. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या पेण-रोह्यातील महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये बहुपर्यायी प्रश्नांची, पन्नास गुणांची, तासाभराची परीक्षा फोनवर दिली. तासाच्या मध्ये रेंज गेली तर काय, ही धास्ती अभ्यासाहून मोठी होती. या मुलांचे नुकसान झाले, परंतु त्याला निदान बातमीचे मूल्य होते. मंत्री, न्यायालये, दूरचित्रवाणी यांचे लक्ष सतत दहावी-बारावीवर होते. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून काही काळ उघडले. दुसऱ्या लाटेनंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग पुन्हा भरले. पहिली ते चौथीचा क्रम प्रत्येक वेळी शेवटचा राहिला. लहान मुले अंतर पाळणार नाहीत हे कारण समजण्यासारखे होते, पण ज्यांना शाळेवाचून शिकताच येत नाही त्यांचीच शाळा सर्वांत शेवटी उघडावी, हा निर्णय शिक्षणाच्या बाजूने पाहता उलटा होता.

कातकरी मुलांच्या बाबतीत लहान वर्ग उशिरा उघडण्याचा आणखी एक परिणाम झाला. कातकरी कुटुंबे भातकापणी उरकली की दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने हे जाणे टाळता येत नाही, आणि लहान मुले मागे ठेवायला कोणी नसल्याने ती सोबत जातात. २०२१ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि लहान वर्ग १ डिसेंबरला उघडले. शाळेची घंटा पुन्हा वाजली तेव्हा तिच्या पटावरची काही मुले विटांच्या थप्प्यांजवळ होती. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेने शाळा पुन्हा दोन आठवडे बंद झाल्या, आणि भट्टीवरून मुले परतली तेव्हा जून २०२२ उजाडला होता. शिक्षणहक्क कायद्याने कोणालाही मागे ठेवायचे नसल्यामुळे ती तिसरीत गेली होती. गेल्या इयत्तेचा अभ्यास भरून काढण्यासाठी राज्याने १ जुलै २०२१ पासून आणलेला पंचेचाळीस दिवसांचा ‘सेतू’ अभ्यासक्रमही शाळा बंद असतानाच, म्हणजे पुन्हा फोनवरूनच, सुरू झाला होता.

या तुकडीचे काय झाले याचे एक माप उपलब्ध आहे. ‘असर’ची पाहणी मुलांना दुसरीच्या पातळीचा साधा उतारा वाचायला देते. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील तिसरीची २७.३ टक्के मुले तो वाचू शकत होती. २०२२ च्या तिसरीत, म्हणजे नेमक्या २०२० साली पहिलीत नाव घातलेल्या मुलांत, हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. हीच मुले २०२४ मध्ये पाचवीत पोहोचली तेव्हा पाचवीचे प्रमाण ४८.८ टक्के निघाले, जे २०१८ च्या ५०.५ टक्क्यांच्या बरेच जवळ आहे. देशाच्या सरासरीवरून पेण-रोह्याच्या वाडीचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल, तरी दोन गोष्टी त्यातून निश्चित दिसतात: घसरण खरी होती, आणि भर पडली ती मुले वर्गात परत आल्यावर पडली.

त्यामुळे शाळा पुन्हा उघडल्यानंतरच्या एका घडामोडीकडे लक्ष जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून बसने मुले आणली जातील अशी मोठी शाळा, उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही त्यासाठी दाखवलेली उदाहरणे होती आणि राज्यात अशा छोट्या शाळांची संख्या सुमारे पंधरा हजार होती. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा, खेळाचे साहित्य देता येते हा युक्तिवाद पोकळ नाही. तथापि कोकणातील डोंगरवाड्यांवरच्या दोनशिक्षकी शाळा बहुधा याच पटाच्या असतात, शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा कबूल केलेली आहे, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वाडी आणि बसचा रस्ता यांच्यातील एक किलोमीटरही पार होत नाही. २०२०-२१ मध्ये वाडीवर चढून जाणारा आणि मुलांची नावे, घरे व बोली ओळखणारा जो शिक्षक होता, तो याच पंधरा-वीस पटाच्या शाळेचा होता. समूह शाळेच्या प्रस्तावांत बसभाड्याचा हिशेब आहे, त्या ओळखीचा नाही.